दोरीवरचा हात

हात खाली घ्या ताई! आधी हात खाली! तुमची श्रद्धा मला समजते, पण या खडकापुढे दोन्ही हात जोडायचे नाहीत. नमस्कार करायचाच तर एक हात कपाळाला लावा, दुसरा दोरीवर. तुमची लेक या दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे ना? मग धरा ही. माझ्या हातात आहेच, माझा पुतण्याही तिच्यासोबत पाण्याखाली आहे, पण तुम्हीपण धरा. ओढू नका, नुसती धरा.

आता बघा त्या खडकाकडे. काळे खांब एकाला एक चिकटून उभे आहेत, चुलीसाठी लाकडं रचून ठेवावीत तसे. शिकलेले लोक येतात, ते म्हणतात, ज्वालामुखीचा रस थंड होऊन झालं हे. असेल. पण मधली ती फट, वरपासून पाण्याखाली गेलेली? तिच्याबद्दल आमच्या वाडीत वेगळं सांगतात. मी म्हातारा झालो इथे होडी आणून आणून, पण त्या फटीत पाणी गुरगुरलं की अजून मी होडी चार हात मागे घेतो. हसू नका. भितो तर भितो!

पूर्वी म्हणे ही फट नव्हतीच. खडकाचे दोन भाग जोडलेल्या हातांसारखे मिटलेले होते, आणि सगळे त्याला हातजोड्या म्हणायचे. फक्त पाण्याखाली, मनगटाच्या जागी, एक बीळ होतं. माणूस आडवा होऊन जेमतेम शिरेल एवढं. आत दगडाला कालवांचे शिंपले नुसते लगडलेले असायचे. वाडीतली द्वारका नावाची एक विधवा आणि तिचा एकुलता एक मुलगा भागोजी, दोघं त्यावरच जगायची. तो कमरेला दोरी बांधून खाली जायचा, ती होडीत बसून दोरी धरायची. हिसका बसला की वर ओढायचं. या कामात दोरी होडीला बांधून ठेवत नाहीत. बांधलेल्या दोरीला काय कळणार खालच्या माणसाचं? ती हातातच लागते.

असं सांगतात की होड्या किनाऱ्यावर ओढायचे दिवस आले होते. दर्या फुगायला लागला होता. पावसाळ्याची बेगमी म्हणून एक शेवटची खेप करू, असं म्हणून मायलेक आले. भागोजी बिळात शिरला आणि बाहेरून एक लाट उठली. भलीमोठी, आणि जराही आवाज न करता येणारी. द्वारका देवभोळी बाई. आमच्याकडे संकट दिसलं की तोंडातून आधी देवाला गाऱ्हाणं निघतं आणि हात आपोआप जोडले जातात, लहानपणापासूनचं वळणच ते. तिने डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाली, "म्हाराजा, माझ्या झिलाक सांभाळ!"

लाट होडीखालून निघून गेली. होडी वाचली. डोळे उघडून बघते तर हात रिकामे. दोरी केव्हाच सरसरत पाण्यात गेली होती.

 तिने कोपरापर्यंत पाण्यात हात घालून चाचपलं, टोक लागेना. हाका मारल्या. खालून नुसते बुडबुडे येत होते, तेही कमी होत चालले. तेव्हा म्हणे ती होडीत ताठ उभी राहिली आणि खडकावर ओरडली, "मी तुका हात जोडलंय, आणि तेवढ्यात तू माझो झील नेलंस! आता तू तुझे हात सोड. मी परत कोणासमोर जोडूचंय नाय!"

देवभोळ्या बाईने हे बोलायचं म्हणजे काय, विचार करा. दर्या मागे सरला. असा कडकडाट झाला की किनाऱ्यावरची माणसं घराबाहेर धावली, आणि हातजोड्या मधोमध उघडला. दोरीचं टोक होडीजवळ वर आलं. तिने तळव्यांची सालटी निघेस्तोवर ओढली. भागोजी वर आला. जिवंत होता, पण दोन्ही कानांतून रक्त येत होतं. तो पुढे सांगायचा, आत दोन्हीकडचा दगड त्याच्या बरगड्यांवर हळूहळू मिटत येत होता. आणि दगड गरम होता, माणसाच्या हातासारखा.

त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. तरी पोट कुणाला चुकलंय? मायलेक परत याच खडकावर यायचे. द्वारका जत्रेत जायची, देवळात हात खाली सोडून उभी राहायची, लोकांचे टोमणे ऐकायची, पण हात जोडले नाहीत ते नाहीतच. ती गेली तेव्हा बायका तिचे हात जोडायला लागल्या. भागोजीने त्यांना बाजूला केलं. तिच्या मुठीत दोरीचं टोक दिलं, दुसरं आपण धरून बसला, आणि तिरडी उचलेपर्यंत सोडलं नाही.

आजही इथे कुणी दोन्ही हात जोडत नाही. आमची डायव्हिंगवाली पोरं एवढी मशिनं अंगावर चढवतात, पण तीसुद्धा एकच हात कपाळाला लावून पाण्यात उतरतात. अहो, रडताय कशाला? पुसा डोळे, एक हात मोकळा आहे ना तुमचा?

थांबा. लागला हिसका? मलाही लागला.

जोडू नका ताई, ओढा!