रणदिवे सरांची शून्य तक्रारींची हद्द

परदेशात पोलीस प्रशासन शिकून परतलेल्या मृण्मयीला वाटलं होतं, इथल्या विद्यापीठात मोकळेपणानं प्रश्न विचारता येतील. वाट्याला आली ती तिथं शिकवणाऱ्या निवृत्त पोलीस अधिकारी रणदिवे सरांच्या पराक्रमांची पारायणं. महिलांच्या न नोंदलेल्या तक्रारींवर संशोधनाला सरांची परवानगी मिळाली नाही, तर ती परदेशी परत जाणार होती.

"कसलं संशोधन, बाई?" सर भर वर्गात गरजले. "माझ्या हद्दीत वर्षभर छेडछाडीची एकही तक्रार नव्हती!"

"आमच्या गावच्या दवाखान्यातही वर्षभर एकही रुग्ण नव्हता, सर," मृण्मयी म्हणाली.

"वा! एवढं निरोगी गाव?"

"नाही सर. दवाखान्याला कुलूप होतं."

वर्गात शिकायला आलेल्या हवालदार सुलभाताई खुदकन हसल्या. सरांनी मृण्मयीच्या संशोधनाच्या अर्जावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयीनं ठरवलं, परत जायचं नाही. सुलभाताईंना घेऊन एसटी स्टँडवर तक्रारी ऐकायला बसायचं.