काऊचा घास

सूनबाई ऑफिसातून येण्याआधी चार वर्षांच्या राहीला वरणभात भरवायचा होता. मी पीएचडी झालेला आजोबा, पण वाटी काही संपेना. पाहुणे आलेले माझे मेहुणे, निवृत्त न्यायाधीश दिगंबरराव, हसले. “भावजी, तुम्हाला नाही जमायचं. आणा इकडे!”

त्यांनी घास उचलला. “हा घास काऊचा!”

राहीने तोंड मिटलं. “काऊला विचारलंत? दुसऱ्याचं न विचारता खायचं नाही.”

न्यायाधीशांनी निकाल फिरवला. “बरं बाई, सगळे घास तुझेच.”

“माझेच? नक्की?”

“नक्की!”

“मग हा मी तुम्हाला दिला,” म्हणत तिने तो त्यांच्याच तोंडात कोंबला. पाठोपाठ दुसरा, तिसराही.

तेवढ्यात सूनबाई दारात. “अहो मामा, भूक लागली होती तर पान वाढलं असतं की!”