चार टेकड्यांची हाक

“माझे नाव रायाजी देवबा डोंगरे. वय वर्षे त्र्याहत्तर पूर्ण. पहिल्या टेकडीचा हाकारी. महाराज, मी निषिद्ध हाक दिली आहे. मला शिक्षा व्हावी.”

एका वृद्धाने भर राजसभेत हात जोडून असे सांगितले, तेव्हा सभा थक्क झाली. कारण ती हाक निषिद्ध ठरवणारा माणूसही तोच होता. हे कसे घडले, ते क्रमाने ऐकावे.

फार पूर्वी एका डोंगराळ मुलखात एक लांबलचक खोरे होते. खोऱ्याच्या माथ्यावर मोठा तलाव, पायथ्याशी गाव आणि त्या दोहोंच्या मध्ये चार टेकड्या. धुक्यात धुराचा संकेत दिसत नसे आणि शिंगाचा नाद कड्यांमध्ये घुमून विरून जाई. म्हणून प्रत्येक टेकडीवर एक हाकारी नेमलेला असे. पहिल्याने हाक द्यावी, दुसऱ्याने ती जशीच्या तशी पुढे पोहोचवावी, अशा रीतीने निरोप चार श्वासांत पायथ्याशी जाई. हाकाऱ्याला बसण्यासाठी टेकडीवर एक दगड असे. त्याला हाकेचा दगड म्हणत, आणि तो मिळणे हा खोऱ्यातला सर्वांत मोठा मान होता.

या हाका कोणी एकाने रचलेल्या नव्हत्या. त्यांत मेंढपाळांचे शब्द होते, कोळ्यांचे होते, मीठ घेऊन येणाऱ्या तांड्यांचेही होते. तलावाचा बांध फुटला तर द्यावयाची हाक होती ‘होळेऽऽ होऽ’. तिचा पहिला शब्द दक्षिणेकडच्या राज्यातून आलेला, दुसरा मेंढपाळांचा. ती कानी पडताच बायका चुलीवरचे भांडे तसेच टाकून, मूल काखेत घेऊन उंचावर धाव घेत. अर्थ कोणी विचारीत नसे.

त्या दक्षिणेकडच्या राज्याने खोऱ्यावर तीन पिढ्या अंमल गाजवला होता. अखेर युद्ध झाले, खोरे स्वतंत्र झाले आणि नवा राजा गादीवर बसला. लोकांच्या अंगावर मूठभर मांस चढले. राजा म्हणाला, “राज्य आपले झाले. आता हाकही आपली हवी. परक्यांचे शब्द काढून टाका.”

या इच्छेत काही गैर होते असे म्हणता येणार नाही. ज्याचा चाबूक पाठीने सोसला, त्याचा शब्द जिभेवर कोणाला आवडेल?

शब्द निवडण्याचे काम रायाजीकडे आले. रायाजीला कोणी गुरू नव्हता. देवळाच्या पायऱ्यांवरील लेख बोटाने गिरवून तो अक्षरे शिकला होता आणि पुढे तीन पोथ्या त्याने एकट्याने पाठ केल्या होत्या. राजधानीतील विद्वान त्याला चेष्टेने ‘पायरीवरचा पंडित’ म्हणत. आता तेच विद्वान त्याच्यापुढे आसन सरकवू लागले. रायाजीने सहा महिने खपून चाळीस नव्या, शुद्ध हाका रचल्या. बांध फुटल्याची नवी हाक ठरली ‘जलाशयबंधविच्छेद’.

नव्या हाका शिकवण्यासाठी त्याने चौघा हाकाऱ्यांची बैठक बोलावली. दुसऱ्या टेकडीवर एक मेंढपाळ विधवा होती. सारे खोरे तिला अक्का म्हणे. बांध फुटल्याची नवी हाक तिने दोनदा पुटपुटून पाहिली आणि तिला हसू आवरेना.

“रायाजीदादा, ह्यो शब्द पुरा हुईस्तवर पाणी थांबतंय व्हय?”

“पाण्याने थांबण्याचे कारण नाही. आपण जिभेला वळण लावावे,” रायाजी म्हणाला. “आणि मला दादा म्हणू नये. ‘प्रथम उद्घोषक’ म्हणावे.”

“बरं. आन् मला?”

“द्वितीय उद्घोषिका. अक्का हा शब्दही परकाच आहे. तो यादीतून काढला आहे.”

“अगं बया! माझ्या म्हशीनं हे ऐकलं तर दूध आटवंल.”

सगळे खळखळून हसले. रायाजी हसला नाही. त्याने आपल्या सुंदर अक्षरात एक नियम लिहून काढला: जुनी हाक कानी आल्यास ती हाकाऱ्याने गिळावी, पुढे देऊ नये, दिल्यास त्याचा दगड जाईल.

नियम लिहून तो थांबला नाही. अधूनमधून तो आपल्या टेकडीवरून मुद्दाम एखादी जुनी हाक देई आणि कोण फसतो ते पाही. याला तो परीक्षा म्हणे. एकदा त्याने अशीच जुनी हाक दिली. अक्काने ती कशीबशी गिळली; पण वारा फिरला होता, आणि हाक परस्पर तिसऱ्या टेकडीवर पोहोचली. तिथल्या म्हाताऱ्या हाकाऱ्याने सवयीने ती पुढे दिली. त्याच दिवशी त्याचा दगड गेला. घोंगडी खांद्यावर टाकून तो खाली उतरला, तेव्हा वाटेत अक्काला एवढेच म्हणाला, “साठ वर्सं कानानं आयकलं की त्वांड बोलायचं. आता दोघांच्या मधी ह्यो कागुद येऊन बसलाय बघ.”

अक्का त्या दिवसापासून हसेनाशी झाली. दगड गेला तर तिला दुसरा आधार नव्हता.

श्रावणात सात दिवस संततधार लागली. आठव्या दिवशी दुपारी रायाजी आपल्या दगडावर बसला असता त्याच्या डोळ्यांदेखत तलावाच्या बांधाचा मधला भाग पुढे झुकला. प्रथम एक धोंडा सुटला, मग चार, आणि मग धोंडे मोजण्याची गरज राहिली नाही.

पायथ्याच्या गावात रायाजीची एकुलती एक लेक दिलेली होती. सहा महिन्यांपूर्वीच ती बाळंत झाली होती.

रायाजी ताडकन उभा राहिला. छाती भरून त्याने श्वास घेतला आणि हाक दिली, “होळेऽऽ होऽ!”

आपल्याच तोंडून काय बाहेर पडले, हे ऐकून तो जागीच गोठला. सहा महिने घडवलेला शब्द कुठल्या कुठे गेला होता. आईने शिकवलेला तेवढा उरला होता. पण त्याहून मोठा धक्का पुढेच होता. दुसऱ्या टेकडीवरून हाक उमटलीच नाही.

धुके क्षणभर विरळ झाले आणि त्याला अक्का दिसली. ती आपल्या दगडावर सरळ उभी होती. हात जोडलेले, ओठ घट्ट मिटलेले. ती नियम पाळत होती. ‘या वेळी नाही हो फसायची मी,’ असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

रायाजीने दोन्ही हात हलवले. तिला तोही परीक्षेचाच भाग वाटला. तेव्हा त्याने जीव एकवटून शुद्ध हाक दिली, “जलाशयबंधविच्छेदऽ!” कड्यांनी त्या शब्दाचे तुकडे केले आणि शेपूट तेवढे पुढे पाठवले. “च्छेद… च्छेद…” अक्काने कानामागे हात धरला आणि मान हलवली. पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितले. पुन्हा तेच. खाली पाण्याचा गडगडाट सुरू झाला होता.

रायाजीने डोक्याचे पागोटे काढून भिरकावले. तो दगडावर गुडघे टेकून बसला, आणि अक्षरे शिकल्यापासून जी बोली त्याने तोंडात येऊ दिली नव्हती, तिच्यात तो ओरडला,

“अक्काऽऽ! अगं अक्का, परीक्षा न्हाय गं हीऽऽ! माझी लेक हाय खालीऽऽ!”

अक्काचे हात सुटले. परीक्षा घेणारा माणूस असा रडत नाही, हे तिला कळले. ती वळली आणि तिने अशी हाक फोडली की झाडांवरचे पक्षी उठले. अक्का कोणाची परीक्षा घेत नाही, हे तिसऱ्या टेकडीवरच्या नव्या हाकाऱ्यालाही ठाऊक होते. तिसऱ्यावरून चौथ्यावर आणि चौथ्यावरून गावात, “होळेऽऽ होऽ!”

गाव उंचावर धावले. रायाजीची लेक तान्ह्या मुलासह पोहोचली. नदीकाठचे कुंभार नवरा-बायको मात्र वृद्ध होते. एकमेकांचा हात धरून ते निघाले आणि टेकाडापासून दहा पावलांवर पाण्याने त्यांना गाठले.

हीच ती दहा पावले, ज्यांसाठी रायाजी राजसभेत उभा होता.

राजा म्हणाला, “रायाजी, तुम्ही निषिद्ध हाक दिलीत म्हणून गाव वाचले. याला अपराध कसे म्हणावे?”

“महाराज, गाव त्या हाकेने वाचले. परंतु ती हाक मी आधी गिळायला लावली होती. तिला पोहोचायला जो उशीर झाला, तेवढ्यात वीस पावले चालून होतात. मी स्वतः चालून पाहिली आहेत. त्या दोघांना दहाच हवी होती.”

विद्वानांनी माना खाली घातल्या. राजा म्हणाला, “आज्ञा माझी होती.”

“आज्ञा आपली होती, महाराज. भीती मी घातली होती. शब्द मी नवा दिला, त्याला कोणाची हरकत नव्हती. जुन्या शब्दावर मी पहारा बसवला.”

मागे उभी असलेली अक्का पदराने डोळे पुसत म्हणाली, “लई शिकलं हो आमचं दादा. उशिरा शिकलं.”

रायाजीने स्वतःच्याच नियमाप्रमाणे आपला दगड सोडला. पहिल्या टेकडीवर अक्का बसू लागली, तिच्या जागी तिसऱ्या टेकडीवरचा नवा हाकारी आला, आणि तिथला म्हातारा घोंगडी घेऊन आपल्या जागी परतला. राजाने गिळण्याचा नियम रद्द केला. दर वर्षी श्रावणापूर्वी चारही टेकड्यांवरून जुन्या-नव्या सर्व हाका देऊन पाहण्याची प्रथा सुरू झाली. जी गावापर्यंत पोहोचे, ती राही. रायाजीच्या चाळीस हाकांपैकी तीन राहिल्या. लग्नाचे वऱ्हाड आल्याची त्याची हाक तर मुलांनाही आवडली, आणि ती कोणी रचली हे लोक लवकरच विसरले. दक्षिणेच्या शब्दांपैकीही बरेच आपोआप मागे पडले. ‘होळेऽऽ होऽ’ राहिली.

तात्पर्य एवढेच: राज्य बदलले की भाषाही बदलते, आणि तिने बदलावेही. परंतु शब्द कोठून आला हे विचारण्यापूर्वी तो कोठवर पोहोचतो हे पाहावे. नवा शब्द लोकांच्या हाती द्यावा, जुन्यावर पहारा बसवू नये.