यात तुझं काय?

“मग ही भीती कसली, मास्तर? सगळं नीट चालतंय, तरी छातीत धडधडतंय.”

निनाद बेडकिहाळ परसाच्या दारात उभ्या उभ्याच बोलत होता. आत येऊन टेकावं एवढंही त्याला सुचलं नव्हतं.

दस्तगीरमास्तरांनी भुईमुगाची एक शेंग फोडली. मिरजेच्या पॉलिटेक्निकात त्यांनी उभी हयात पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. नोकरी संपली, तरी अडलेली पोरं त्यांच्या परसात येतच राहिली. त्यांत निनाद सगळ्यांत हुशार, आणि हे इतर कुणाहीपेक्षा त्याला स्वतःला जास्त ठाऊक होतं.

“बस की. काय चालतंय नीट?”

निनाद बसला नाही, पण त्यानं सांगितलं. घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी एक संस्था होती. तिथल्या सुलभाताईंना वेबसाइट हवी होती. बाईनं तिच्यावर मदत मागायची, ताईंनी नोंद करायची आणि कुणाला कुठं ठेवलंय ते फक्त ताईंनाच दिसायचं. एकीचा नवरा तर तिला शोधत अजून गावोगाव हिंडत होता. वेबसाइट नेटवर चढवून झाली होती, उद्या सकाळी ती सगळ्यांसाठी खुली व्हायची होती. जुन्या नोंदी ताईंनी आजच भरून टाकल्या होत्या.

“दुसऱ्या कुणी महिना घालवला असता. मी दोन दिवसांत उभी केली.” एवढ्या धास्तीतही हे सांगताना त्याची मान ताठ झालीच.

“दोन दिवसांत?”

“तयार टेम्प्लेट मिळतं ना, मास्तर. लॉगिन, नोंदणी, याद्या, सगळं आधीच लिहिलेलं असतं. उतरवून घ्यायचं आणि कामाला लागायचं.”

“झकास. मीपण तेच करतो.”

निनादला हायसं वाटलं. पण घटकाभरच.

“यात तुझं काय?”

“म्हणजे... वरचं नाव.”

“ते संस्थेचं.”

“मजकूर... तो ताईंनी दिला.”

“चित्र?”

“टेम्प्लेटमध्येच होतं.”

“रंग तरी?”

“निळा...” निनाद अडखळला. “आधीपासून निळाच होता.”

...

आता मात्र तो चिडला. “मग काय, सगळं हातानं लिहीत बसायला हवं होतं?”

“असं कोण म्हणालं? ही खाट मी कुठं विणलीय? झोपतो की मजेत.” मास्तरांनी खाटेवर थाप मारली. “आणली त्या दिवशी उलटी करून बघितली होती, एवढंच.”

मग त्यांनी टेम्प्लेटचं नाव विचारलं. वेबसाइटचा पत्ता विचारला. चष्मा पुसला, आपल्या फोनवर काहीतरी टाइप केलं, आणि पुढं न वाचताच फोन वळवून निनादसमोर धरला.

पडद्यावर यादी होती. बायकांची नावं... आणि प्रत्येकीपुढं ती राहत होती तो पत्ता.

निनाद मटकन खाटेवर बसला. गावोगाव हिंडणाऱ्या त्या माणसाच्या बायकोचं नाव तिसरंच होतं.

“पासवर्ड... तुम्हाला कुणी...?”

“टेम्प्लेटबरोबरच येतो. चालवून बघता यावं म्हणून आत एक नमुन्याचा व्यवस्थापक, ठरलेल्या नाव-पासवर्डाचा, बसवलेला असतो. तो तू काढलाच नाहीस. ज्यानं ज्यानं हे टेम्प्लेट उतरवलं, त्या सगळ्यांच्या खिशात ही किल्ली आहे.” मास्तर थांबले. “तुझ्यापण.”

...

निनादनं लॅपटॉप काढला. एक शब्द तीनदा चुकला. त्यानं वेबसाइट बंद केली. मग त्या नमुन्याच्या नावानं आजवर कोण कोण आत आलं ते शोधलं. मास्तरांखेरीज कुणी नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

तिथूनच त्यानं सुलभाताईंना फोन लावला.

“ताई, उद्या नको उघडायला. मोठी चूक झालीय. माझीच.”

ताईंनी एवढंच विचारलं,

“पत्ते कुणी पाहिले का?”

“माझ्या मास्तरांखेरीज कुणी नाही, ताई. पण पाहता आले असते.”

“बरं झालं आज कळलं,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. रागावल्या असत्या तर निनादला जरा हलकं तरी वाटलं असतं.

मास्तरांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढं सारल्या. त्यानं एकही उचलली नाही.

“पहिल्या ओळीपासून वाचतो आता,” तो म्हणाला. “मी लिहिलं नाही ते सगळं. मग उघडतो. पण मास्तर... एवढं केल्यावर तरी ही भीती जाईल ना?”

मास्तरांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“राहू दे ती. त्या सगळ्यात तेवढीच एक तुझी आहे.”