बसायचं राहून गेलेला तांडेल

या गोष्टीला पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की ती खोटी आहे असं सांगायला तेव्हाचा कोणी जिवंत उरलेला नाही, आणि मला ते सोयीचंच आहे. मुलांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्ही मागेच बसा. गोष्टी आम्हाला आवडत नाहीत म्हणता आणि कान मात्र इकडेच लावून बसता.

एका राज्याच्या कडेला समुद्र होता. त्या समुद्राची एक खाडी गावात शिरली होती, आणि त्या खाडीत एक तांडेल होडी चालवायचा. अलीकडची माणसं पलीकडे न्यायची, पलीकडची अलीकडे आणायची. होडीत दहा माणसं मावत. अकरावं आलं तर ते बारीक असावं लागे.

त्या किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांचा एक रिवाज होता. नावेत एक जरी उतारू उभा असेल, तर तांडेलाने बसायचं नाही. रिवाज शहाणपणाचा होता. होडी कलली की उभं माणूस आधी पडतं, आणि त्याला धरायला कोणीतरी उभंच असावं लागतं. आता दहा माणसांना बसायला वेळ तो किती लागणार? कोणी धोतर सावरत बसे, कोणी कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसे. शेवटचा माणूस टेकला की तांडेल म्हणे, "बसलात ना सगळे? मग मी पण बसतो." आणि बसे. त्या बसण्यात काय सुख होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याला तरी कुठे असतं.

एके दिवशी एक म्हातारी होडीत चढली.

तांडेलाने विचारलं, "आजी, पलीकडे कोणाकडे निघालात?"

"कोणाकडे नाही. पलीकडे माझं कोणी नाही."

"मग जाताय कशाला?"

"अलीकडे सगळे आहेत, म्हणून. तीन सुना आहेत बाबा मला. तू आपलं मला पाण्यावरनं फिरव आणि संध्याकाळी इथंच आणून सोड."

तांडेलाला हे काही समजलं नाही, पण त्याने फिरवलं. म्हातारी उतरली तेव्हा तिचा चेहरा धुतलेल्या पितळेसारखा झाला होता. नेहमी उतारू एक नारळ देत. तिने दोन दिले. दुसऱ्या दिवशी तिच्या पाच मैत्रिणी आल्या. तिसऱ्या दिवशी तिच्या तिन्ही सुना आल्या. त्यांनाही पाण्यावरनं फिरायचं होतं, फक्त सासूच्या होडीत नको होतं.

तर असा तो धंदा निघाला. कुठे पोचवायला माणूस एक नारळ देतो, आणि कुठेही न पोचवता परत आणायला दोन देतो. शहाणी म्हणवणारी माणसं देतात, बरं का. मागे बसलेल्यांनी माझ्याकडे असं बघू नये.

तांडेल दमू लागला. दिवसाला आठ खेपा व्हायच्या, खांदे भरून यायचे. त्याचा मेहुणा होड्या बांधणारा सुतार होता. तो म्हणाला, "दाजी, होडी दुप्पट करू. दोन खेपांचं काम एका खेपेत होईल. उरलेल्या वेळात तुम्ही ओट्यावर बसा, ताईच्या हातचा चहा प्या."

तांडेलाला पटलं. थकलेल्या माणसाला काहीही पटतं. मेहुण्याने वीस माणसांची होडी बांधली. पण मोठी होडी बघून चाळीस माणसं आली. काठावर वीस उरली, आणि काठावर माणूस उरलं की तांडेलाला होडी सोडवत नसे. लोभी म्हणू नका त्याला. त्याला कोणाला नाही म्हणता येत नसे, आणि लोभापेक्षा तो रोग वाईट. लोभी माणूस निदान जेवायला वेळेवर घरी येतो.

मग चाळीस माणसांची नाव झाली. चाळिसांना ऊन लागतं, म्हणून वर कापड ताणलं. पाण्यावरच्या वाऱ्याने भूक लागते, म्हणून तांडेलाची बायको बांगड्याचं कालवण आणि भाकऱ्या करून देऊ लागली. जेवल्यावर झोप येते, म्हणून गाद्या आल्या. गाद्या आल्यावर लोक म्हणाले, आता मुक्कामच करू. मग दोन डोलकाठ्यांचं गलबत झालं आणि ते शेजारच्या राज्यापर्यंत जाऊ लागलं. लोक तिथल्या बंदरात उतरत. आपल्या गावात मिळते तसलीच टोपली तिथल्या बाजारातून दुप्पट दराने घेत, आणि परत येऊन शेजाऱ्याला दाखवत, "काय टोपली आहे बघा."

प्रत्येक वेळी मेहुणा म्हणायचा, "दाजी, एवढं एकच. मग तुम्ही बसायचं." आणि प्रत्येक वेळी तांडेलही बायकोला म्हणायचा, "अगं, एवढं एकच. मग मी बसतो."

बायको म्हणायची, "तुम्ही दोघं मिळून मला वाट बघत बसवताय, तेवढं दिसतंय."

इकडे एक गंमत होत होती. गंमत तुम्हाला, तांडेलाला नव्हे. दहा माणसं पटकन बसत. चाळीस बसायला वेळ लागे. दोनशे माणसांत कोणीतरी पाणी प्यायला उठे, तो टेकेपर्यंत दुसरा हात धुवायला उठे. तांडेल गुडघे वाकवायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. दिवसातून पन्नास वेळा तो अर्धा बसायचा. अर्धा बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा जास्त दमतो. घरी जाऊन करून बघा.

कारभार वाढला. गलबतांची जहाजं झाली, एकाची सात झाली, सात समुद्रांवर सात. सहा जहाजांवर दुसरे तांडेल नेमले. त्यांनाही तोच रिवाज सांगितला. ते हो म्हणाले आणि लांब पायघोळ झगे शिवून घेतले. झग्याच्या आत तिवई ठेवली की माणूस उभाही दिसतो आणि बसलेलाही असतो. मी असतो तर दोन तिवया ठेवल्या असत्या, एक पायांसाठी.

आपला तांडेल मात्र खरा. तो सातव्या, सगळ्यात मोठ्या जहाजावर होता. त्या जहाजात तीन हजार माणसं मावत. त्यावर बाग होती, पोहायचा हौद होता, दिवसातून सात वेळा पंगत बसे. पृथ्वीला वळसा घालून ते वर्षाने आपल्या किनाऱ्याला येई. पण खाडीत शिरत नसे. मेहुण्याने ते एवढं खोल बांधलं होतं, की खाडीच्या तोंडाशी त्याचा तळ वाळूला लागला असता. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी. जुने उतारू छोट्या होड्यांनी उतरत, नवे चढत, आणि जुना शेवटचा उतरायच्या आत नवा पहिला चढलेला असे. म्हणजे जहाज कधी रिकामं होत नसे, आणि तांडेलाला कधी घरी जाता येत नसे. घराचं कौलारू छप्पर त्याला जहाजावरून दिसायचं. ते बघून तो पुढे जायचा.

सात वर्षं तो बसला नाही. तीन हजारांत कोणीतरी उभं असतंच. कोणी कठड्याला टेकून लाटा बघतं, कोणी पंगतीत जागा शोधतं, कोणाचं मूल नुकतंच उभं राहायला शिकलेलं असतं. झोपायचा कसा, विचारता? आडवं व्हायला बंदी नव्हती. पण आडवं व्हायच्या आधी माणसाला बसावं लागतं. म्हणून तो शेल्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घ्यायचा आणि डुलक्या काढायचा, टांग्याच्या घोड्यासारखा.

एकदा उतारूंमध्ये एक वैद्य होते. त्यांनी तांडेलाचे घोटे दाबून बघितले.

"हे पाय आहेत की नारळाची खोडं? तांडेल, या पावसाळ्याच्या आत बसा. नाहीतर पुढे बसू म्हणाल तरी बसता येणार नाही."

तांडेल पहिल्यांदा घाबरला. त्याने मेहुण्याला निरोप धाडून वाटेतल्या एका बंदरात खुर्च्या वाढवून घेतल्या. माणसं तीन हजार, खुर्च्या दहा हजार. आता तरी सगळे एका वेळी बसतील? छे. लोकांनी चांगल्या खुर्च्यांवर रुमाल टाकले, आणि कोणी रुमाल उचलेल म्हणून शेजारी राखण करत उभे राहिले. आधी पन्नास माणसं उभी असायची, आता तीनशे झाली.

पावसाळा आठ दिवसांवर आला तेव्हा जहाज आपल्या किनाऱ्यासमोर आलं. वैद्यांनी किनाऱ्यावर उतरून तांडेलाच्या बायकोला सगळं सांगितलं. तिने भाकरीचं पीठ तसंच टाकलं, हात पुसले आणि भावाला घेऊन होडी करून जहाजावर आली. सात वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याकडे तिने एकदा बघितलं, वरपासून पायांपर्यंत. रडायची फार इच्छा होती, पण रडायला तिला वेळ नव्हता.

"अहो, बसा."

"लोक उभे आहेत."

"मग मी त्यांना बसवते."

"तीन हजार आहेत ते."

"तीन सुना नाहीत ना? मग जमेल."

ती निघाली. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. प्रत्येकापुढे हात जोडून एकच सांगायची, "आमच्या ह्यांचे पाय सुजलेत. घटकाभर सगळे एकदम बसा, म्हणजे त्यांना बसता येईल." माणसं वाईट नव्हती. कोणाला ठाऊकच नव्हतं, की हा माणूस आपल्यासाठी उभा आहे. त्यांना वाटायचं, त्याला उभं राहायला आवडतं.

तरी सकाळची दुपार झाली. एक गृहस्थ म्हणाले, "मी उभं राहून समुद्र बघायला आलोय. बसून आमच्या तळ्याकाठी बघता येतं." त्यांना तिने समजावलं. एक नवरा-बायको भांडत होते आणि आधी कोण बसणार यावर अडले होते. त्यांना तिने एका बाकावर एकदम ढकललं. एक म्हातारी म्हणाली, "मी बसेन गं, पण बसले की मला उठवणार कोण?" तिला तिने वचन दिलं. रुमालवाल्यांना सांगितलं, "रुमालावरच बसा ना." हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं.

आणि शेवटी, पावसाचे पहिले ढग खाडीच्या मागे दिसत असताना, तीन हजार माणसं बसली. मुलं मांड्यांवर बसली. पंगतीतले भांडी न वाजवता बसले. एवढ्या मोठ्या जहाजावर फक्त पाण्याचा आवाज येत होता. बायकोने हाताने पुसून एक खुर्ची नवऱ्यामागे ठेवली, आणि आपणही खाली बसली.

"बसले सगळे," ती म्हणाली. "आता तुम्ही."

तांडेलाने चहूकडे बघितलं. खरंच कोणी उभं नव्हतं. त्याने खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि गुडघे वाकवले.

गुडघे वाकेनात.

त्याने पुन्हा जोर केला. मेहुणा बसल्या जागेवरून सरकत आला आणि त्याने दाजींचे खांदे खाली दाबले. तांडेल कळवळला, पण वाकला नाही. वैद्यांचा हिशेब आठ दिवसांनी चुकला होता. एवढं तर आमचंही चुकतं.

तीन हजार बसलेली माणसं एका उभ्या माणसाकडे बघत होती. कोणी हसलं नाही. खोड्या काढण्यात माझा जन्म गेला, पण इथे मलासुद्धा हसू येत नाही.

तेवढ्यात मागच्या मजल्यावर एका पोराचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला आणि ते टुणकन उठून उभं राहिलं. तांडेलाने ते बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्याने खुर्चीवरचे हात काढून घेतले.

"राहू दे गं," तो हळूच म्हणाला. "कोणीतरी उभं आहे."

बायकोने त्या म्हातारीला कबूल केल्याप्रमाणे हात धरून उठवलं, नवऱ्याच्या खांद्यावरचा शेला नीट केला आणि होडीत उतरून घरी गेली. नांगर उचलला गेला. जहाज पुन्हा पृथ्वीच्या वळशाला लागलं, आणि आत सगळे म्हणत होते, काय सुखाची सफर आहे. मेहुण्याने तोवर आठव्या जहाजाचा सांगाडा उभा केला होता, सगळ्यांच्या दुप्पट.

तात्पर्य: काम वाढवायच्या आधी माणसाने बघून घ्यावं, की त्यात आपल्याला बसायला जागा राहते का, आणि राहत असेल, तर गुडघे वाकताहेत तोवर बसून घ्यावं.