केरबानं सासरवाडीत लग्नाची फिल्म दाखवली

एका गावात एक भोळा जावई होता. जावई सासरवाडीला, आपल्या गावात तो नुसताच केरबा होता. अंगानं दणकट, मनानं निर्मळ. खोड एकच. सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि ऐकलेलं तस्संच्या तस्सं करायचा.

एकदा बायको म्हणाली, "अहो, माझे हात पिठात आहेत. तेवढं म्हशीला पाणी दाखवा."

केरबानं बादली भरली, म्हशीपुढं नेऊन धरली. म्हशीनं तोंड पुढं केलं, तशी यानं बादली उचलली आणि परत आणून ठेवली.

"पाजलं?"

"पाजायचं कुठं म्हणालीस? दाखवलं. चांगलं डोळे भरून बघितलं तिनं."

म्हैस दिवसभर हंबरत राहिली. बायकोचं नाव सुवर्णा. तिनं पिशवी भरली आणि दोन गावं पल्याड माहेरी निघाली. जाताना सासूला म्हणाली, "आत्या, यांनी एक काम धड करून दाखवावं. जास्त नको, एकच. त्या दिवशी मी परत येते."

सुवर्णा गेली आणि घराची रया गेली. भाकरी आईच्या हातचीच होती, पण केरबाला ती घशाखाली उतरेना. रोज फाट्यावर जाऊन एसटीकडं बघायचा.

तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला. या अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावून गोडधोड जेवू घालतात. सासऱ्यांचा, दौलूमामांचा फोन आला. "पाव्हणं, जेवायला या. आणि येताना तुमच्या लग्नाची फिल्म घेऊन या. मांडवात आम्ही वाढप बघत होतो, लग्न काय दिसलंच नाही. आता निवांत भिंतीवर बघू."

मागून सुवर्णाचा आवाज आला, "बघू की, हे तरी जमतंय का!"

आईनं केरबाला समोर बसवलं. "लेकरा, एवढं एक नीट कर. सून घरात आण."

लग्नाचं शूटिंग केलं होतं बाबालालभाईंनी. त्यांचा फाट्यावर फोटो स्टुडिओ. त्यांच्याकडं विटेएवढं प्रोजेक्टरचं मशीन होतं. आत बॅटरी, मागं पेनड्राइव्ह, पुढं काच. काचेतून उजेड पडला की समोर सिनेमा. बाबालालभाईंनी समजावून सांगितलं, "खोलीत अंधार करायचा. समोर पांढरी चादर ताणायची. काचेच्या उजेडात डोळा घालायचा नाही, पोरासोरांनाही घालू द्यायचा नाही. लाव बघू."

केरबानं बटण दाबलं. भिंत कोरीच.

"भाई, बिघडलं."

"आरं, काचेवरचं झाकण कोण काढणार, मी? आधी झाकण काढायचं. मग दिसतं."

केरबानं मान हलवली. आधी झाकण काढायचं, मग दिसतं. आता चुकायचं नाही.

सकाळच्या एसटीत त्याच्या शेजारी एक म्हातारी बसली. मांडीवर पाटी, पाटीवर झाकण.

"आजी, यात काय हाय?"

"बघ की ओळखून."

केरबानं पाटीला कान लावला. काही कळेना. दिसत तर नव्हतंच. मग त्याला धडा आठवला. त्यानं झाकण काढलं.

आतून चार कोंबड्या निघाल्या. एक ड्रायव्हरच्या टोपीवर बसली. एक कंडक्टरच्या बॅगेवर. बाकीच्या दोन कुणाच्या डोक्यावरून गेल्या ते लोकांनाही कळलं नाही. गाडी थांबली. सगळी एसटी कोंबड्या धरू लागली. शेवटी चारी कोंबड्या पाटीत परत आल्या. म्हातारीनं वरून आपली जाड शाल टाकली, आणि केरबाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"मुडद्या, कलकल करणारं काही असलं की वरनं जाड फडकं टाकायचं. गप बसतंय. झाकण काढत नसतात!"

केरबानं मान हलवली. कलकल करणाऱ्यावर जाड फडकं टाकायचं. आता चुकायचं नाही.

सासरवाडीत दारात मेहुणा प्रल्हाद उभा होता. "या दाजी! मशीन आणलं?"

"आणलं."

सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. हसली नाही, पण बघत होती. केरबाला तेवढ्यानंही बरं वाटलं.

दोघांनी माजघरात चादर ताणली. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, ट्रंकेतली पांढरीशुभ्र काढून दिली होती. खिडकी लावली, दार लावलं. केरबानं स्टुलावर मशीन ठेवलं, आठवणीनं झाकण काढलं, बटण दाबलं. चादरीवर उजेडाचा चौकोन पडला. प्रल्हाद म्हणाला, "वा दाजी! आता दुपारी जेवणं झाली की लावू." आणि तो केळीची पानं आणायला गेला.

माजघरात केरबा आणि मशीन, दोघंच उरले. मशीनच्या पोटात बारका पंखा होता. तो घूंऽऽ घूंऽऽ करत होता. केरबानं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग दांडीवरचं घोंगडं काढलं आणि मशीनवर टाकलं. आवाज बसला. त्यावर एक वाकळही टाकली. अगदी गप झालं.

प्रल्हाद पानं घेऊन आला तेव्हा घोंगड्यातून करपट वास येत होता. त्यानं धावत जाऊन सगळं ओढून काढलं. मशीन तव्यासारखं तापलेलं.

"दाजी! हे काय?"

"कलकल करत होतं."

"अहो, तो त्याचा पंखा आहे! गार राहण्यासाठीच फिरतो. तापणारी वस्तू कधी झाकायची नसते. तिला वारा द्यायचा, वारा!"

दारातली सुवर्णा आत निघून गेली. मशीन मात्र नशिबानं वाचलं. बंद करून, मोकळं ठेवून गार केल्यावर पुन्हा नीट चालू झालं. केरबानं मान हलवली. तापणाऱ्या वस्तूला वारा द्यायचा. आता चुकायचं नाही.

दुपारी माजघरातच पाट मांडला. भोवती रांगोळी. केळीच्या पानावर पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. जेवणाआधी जावयाला ओवाळायचं, म्हणून मामी तबक घेऊन आल्या. तबकात हळद, कुंकू, अक्षता आणि तेवतं निरांजन. मामींनी नवं लुगडं नेसलं होतं. गल्लीतल्या चार बायका कौतुकानं बघत होत्या.

मामी ओवाळू लागल्या. केरबाच्या तोंडावर निरांजनाची धग आली. त्यानं निरांजनाला बोट लावलं. चांगलं तापलं होतं. उघड्यावर होतं हे बरं, पण वारा कुठं होता? केरबाच्या शेजारीच टेबलफॅन होता. त्यानं हात लांब करून बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

दिवा गेला. कुंकू उठलं. मामी गळ्यापर्यंत लाल झाल्या, त्यावर हळद बसली. बायकांच्या डोळ्यांत अक्षता गेल्या. उरलेलं कुंकू मागच्या पांढऱ्या चादरीवर.

"अगं बाई, काय म्हणायचं या माणसाला!" एक बाई डोळे चोळत म्हणाली.

"मामी, तापलं होतं," केरबा म्हणाला.

मामी मोठ्या मनाच्या. त्यांनी तोंड पुसलं, दिवा परत लावला आणि एक हात ज्योतीसमोर धरला. "जावईबापू, दिव्यावर वारा घालत नाहीत. उजेड जपायचा असतो. हा असा हाताचा आडोसा धरायचा, म्हणजे विझत नाही."

केरबानं मान हलवली. उजेडाला हाताचा आडोसा धरायचा. आता चुकायचं नाही.

स्वयंपाकघरातून भांडं आदळल्याचा आवाज आला. ते सुवर्णानं आदळलं होतं.

जेवणं झाली. गल्ली जमली. माजघर गच्च भरलं. खिडकी लावली, अंधार केला. केरबानं झाकण काढलं, मशीनवर काही टाकलं नाही, पोरांना काचेपुढून उठवून मागं बसवलं. प्रल्हाद सगळं बघत होता. त्याला काही खोट सापडेना. बटण दाबलं. सनई वाजली. चादरीवर मांडव आला.

आणि मांडवावर एक हात आला. हत्तीएवढा. नवरा दिसेना, नवरी दिसेना, भटजी दिसेना. नुसती पाच बोटं.

"हे काय वं?"

"आशीर्वाद देतंय का कोण?"

"लग्नात असला माणूस होता?"

"मामा, घाबरू नका," अंधारातून केरबाचा आवाज आला. "मी आडोसा धरलाय. विझायची नाही फिल्म."

दौलूमामा उठले, जावयाचं मनगट धरलं आणि त्याला भिंतीकडेला बसवलं. "पाव्हणं, आता कशाला हात लावू नका. नुसतं बसा आणि लग्न बघा."

केरबा बसला आणि लग्न बघू लागला. आणि बघा, सगळं सुरळीत झालं! अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. बायकांना आपापल्या साड्या दिसल्या. मामांना वाढपातले मामा दिसले. मग जेवणाची पंगत आली. चादरीवरच्या केरबाला कुणीतरी म्हणालं, नवरीला घास भरव. त्यानं जिलबी उचलली. डोळे सगळे कॅमेऱ्याकडं. जिलबी सुवर्णाच्या नाकाला लागली. आणि चादरीवरची सुवर्णा अशी हसली, अशी हसली, की माजघर हसलं. तिथंच बाबालालभाईंनी फिल्म संपवली होती. हसरी सुवर्णा चादरभर तशीच थांबून राहिली.

अंधारात, बायकांच्या घोळक्यातून, खरी सुवर्णाही हसली. "जमलं बाई एकदाचं," ती म्हणाली. केरबानं ते ऐकलं. त्याच्या छातीवरचं जातं उतरलं.

मामा म्हणाले, "पाव्हणं, काम झालं. पाचच्या गाडीनं आमच्या लेकीला घेऊन जा. एकच सांगतो. जाताना तिच्या तोंडावर हसू पाहिजे. रडती पोर मी उंबऱ्याबाहेर पाठवणार नाही."

केरबानं मान हलवली. हसती न्यायची, रडती न्यायची नाही. आता तर चुकायचंच नाही.

सगळे चहाला बाहेर सोप्यात गेले. केरबा सुवर्णाला आणायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. आत सुवर्णा पिशवी भरून तयार होती, आणि मामींच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. माहेरातून निघताना लेक रडतेच. सासर भिंतीला भिंत लावून असलं तरी रडते. हे सगळ्यांना ठाऊक आहे. केरबाला कुणी सांगितलं नव्हतं.

तो मागं फिरला. चादरीवरची सुवर्णा हसतच होती. यानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. एक रडती. एक हसती. मामांचं सांगणं तर सरळ होतं.

केरबानं चादरीचे खिळे हलक्या हातानं काढले. चादर खाली आली तर मागच्या भिंतीवर आणखी एक सुवर्णा! तीही हसतीच. केरबाला फार बरं वाटलं. एक आपल्याला, एक माहेराला. मामा-मामींना सुनंसुनं वाटायचं नाही. त्यानं आपल्या वाटणीची घडी घातली, मशीन आणलेल्या पिशवीत ठेवली आणि मागच्या दारानं एसटी गाठली.

कंडक्टर सकाळचाच.

"एक फुल आणि बाईमाणसाचं एक अर्धं," केरबा म्हणाला.

"बाई कुठाय?"

"पिशवीत."

कंडक्टरनं पिशवीकडं बघितलं, केरबाकडं बघितलं, आणि सकाळच्या कोंबड्या आठवल्या. "तोंड उघडू नका तिचं," म्हणाला, आणि तिकिटं फाडून पुढं सरकला.

केरबा घरी पोचला तेव्हा आई डेअरीत दूध घालायला गेली होती. त्यानं पिशवी पलंगावर अलगद ठेवली आणि गल्लीत ओरडत सुटला, "सुवर्णा आली! सुवर्णाला आणलं!"

इकडं आई आली. घरात कोणी नाही. पिशवीत बघते तर चादर, आणि तिच्यावर कुंकवाचे डाग. डाग मुरायच्या आत धुतलेले बरे, म्हणून तिनं चादर परसातल्या दगडावर टाकली, साबण लावला आणि धोपाटणं उचललं.

गल्ली घेऊन केरबा आला तो थेट परसात. आई धोपाटत होती. धप, धप, धप.

"आईऽऽ! थांब! सुनेला असं बडवतात का?"

"कुठाय सून?"

"तुझ्या हाताखाली!"

त्यानं चादर ओढून घेतली, झटकली, उलटी केली, सुलटी केली. पांढरीफेक. एक डाग नाही, आणि सुवर्णाही नाही. केरबानं ओली चादर छातीशी धरली आणि मटकन खाली बसला. "धुऊन टाकलीस गं आई! हसत येत होती बिचारी, पार धुऊन टाकलीस!"

शेजारणी कुंपणावर ओठंगून पदरात तोंड खुपसून हसत होत्या. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. पुढं प्रल्हाद, मागं सुवर्णा, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर बाबालालभाईंचं मशीन. तिनंच ते बंद केलं होतं, गार होऊ दिलं होतं, काचेवर झाकण लावून डब्यात भरलं होतं. वाटभर ती संतापानं फणफणत आली होती. पण परसात आली आणि तिनं ऐकलं की आपला नवरा ओल्या चादरीला मिठी मारून आपल्या नावानं रडतोय. मग तिचा राग कुठं राहतोय! तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, वर बघा," ती म्हणाली. "मी आलेय."

केरबानं वर बघितलं. नीट बघितलं. सुवर्णाच होती, आणि हसतीच होती. त्याचा चेहरा फुलला आणि लगेच पडला.

"छे छे! तू भिंतीवरची," तो म्हणाला. "तू मामा-मामींच्या वाटणीची आहेस. प्रल्हाद, हिला आत्ताच्या आत्ता परत नेऊन सोड. तिकडं म्हातारी दोघं एकटी पडली असतील."

पुढं काय झालं ते धोपाटण्याला ठाऊक. ते आईच्या हातातून सुनेच्या हातात गेलं, आणि त्या घरात ते अजून तिच्याच हातात आहे.