टोपीवालीच्या ताटात दूधभात

फार जुन्या काळची गोष्ट. सांगताना आजही माझं डोकं तापतं, म्हणून आधीच सांगून ठेवते, मधे कुणी हसू नका.

एका राणीच्या बागेत पेरूचं म्हातारं झाड होतं. त्याच्या ढोलीत एका इवल्या पक्षिणीने चार पिलं काढली होती. डोक्यावर काळी टोपी, पांढरे गाल, पंखांवर निळसर झाक. बागेतली माळीण तिला टोपीवाली म्हणायची.

राणीला पाखरू फार आवडलं. तिने कारभाऱ्याला बजावलं, "पिलांची आबाळ होता कामा नये."

आता हा कारभारी! जन्मात कधी मान वर करून झाडाकडे पाहिलं नव्हतं त्याने. लहान पाखरू म्हणजे चिमणी, आणि चिमणी खाते दूधभात. का? तर लहानपणी भरवताना आई म्हणायची, हा घास चिऊचा. एवढंच त्याचं ज्ञान. तेवढ्यावर त्याने झाडाखाली चांदीचं ताट मांडलं आणि केशर घालून दूधभात वाढला.

वर आणखी शहाणपण केलं. "राणीसाहेबांच्या पाहुणीच्या दारात अळ्या?" असं म्हणत त्याने अख्ख्या बागेतल्या अळ्या वेचून जाळायला लावल्या.

माळीण म्हणाली, "अहो कारभारी, ही चिमणी नव्हे. हिची पिलं अळ्यांवर वाढतात. दिवसभर चोचीतून अळ्याच तर नेत असते ती."

"तू झाडांना पाणी घाल," कारभारी म्हणाला. "पाखरांचं मला कळतं."

कळतं म्हणे! ताट कावळे आणि खारी फस्त करायच्या. संध्याकाळी राणी विचारायची, "ताट संपलं?" कारभारी म्हणायचा, "चाटूनपुसून, राणीसाहेब." दोघंही खूश. टोपीवाली मात्र पान न पान उलटंपालटं करून रिकाम्या चोचीने ढोलीत परतायची.

पाचव्या दिवशी ढोलीतली चिवचिव थांबली. माळीण तडक राणीपुढे जाऊन उभी राहिली. "ताटाचं राहू द्या, बाईसाहेब. ढोलीत बघा."

राणीने बागेत येऊन ढोलीत वाकून पाहिलं. तीन पिलं गार पडली होती. चौथ्याची चोच उघडी होती, पण आवाज निघत नव्हता.

माळीण आपल्या झोपडीमागच्या रानटी झुडपांकडे धावली. तिथे कारभाऱ्याचा हात पोचला नव्हता. ओंजळभर अळ्या आणून तिने ढोलीजवळच्या फांदीवर ठेवल्या, तशी टोपीवाली झेपावली. चौथं पिलू वाचलं.

दुसऱ्या दिवशी पंगतीत कारभाऱ्यापुढे तेच चांदीचं ताट आलं. त्यात अळ्या वळवळत होत्या.

"जेवा," राणी म्हणाली.

"राणीसाहेब, हे मी कसं खाणार?"

"का? ताट चांदीचं आहे. वर केशरही घातलंय."

कारभारी खाली मान घालून उपाशीच उठला. राणीने स्वतःचंही ताट दूर सारलं. "मीही पाच दिवस ताटाचीच चौकशी केली," ती म्हणाली. "पाखराची केली नाही."

त्या दिवसापासून बाग माळिणीच्या हवाली झाली. तिथल्या अळ्यांना कुणी हात लावला नाही. पुढे टोपीवालीची खूप पिलं तिथे वाढली. पण ती तीन काही परत आली नाहीत.

ज्याला भरवायचं त्याला आधी ओळखावं. नाहीतर तो घास त्याच्या पोटी जात नाही, आपल्याच मिरवण्याच्या कामी येतो.